नखं सांगतात, पण उशिरा

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा काही गावांत लोकांचे केस मुळापासून हातात येऊ लागले. बातमी राज्यभर गाजली. शाम्पूपासून पाण्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला आणि मग ती थंडावली. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून दुसरी तक्रार आली. लोकांची नखं वेडीवाकडी होत होती, खडबडीत होत होती, काहींची तर गळून पडत होती. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तोवर रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. आयसीएमआरची पथकंही नमुने घेऊन गेली होती. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. ते प्रमाणाबाहेर गेलं की केस आणि नखं या दोन्हींवर परिणाम होतो.

चाकण, भोसरी, तळवडे इथल्या कंपन्यांत विदर्भ-मराठवाड्यातली पोरं भरपूर. गावाकडून असा फोन आला की पहिली शंका येते ती नव्या रोगाची: केस गेले जानेवारीत, मग नखं एप्रिलमध्ये का? नखाची वाढ माहीत असेल तर या तीन-चार महिन्यांच्या अंतराचं नवल वाटत नाही. केस गळले की त्याच दिवशी उशीवर दिसतात. नखाला झालेली इजा मात्र कातडीखालून वर यायला आणि पुढे सरकायला वेळ घेते. नख बघताना ते आज कसं दिसतं याच्या जोडीला, दिसतंय ते कधीचं आहे आणि किती बोटांवर आहे, हेही बघायचं. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मी भीती आणि निम्मा खर्च वाचतो.

आपल्याला दिसतं ते नख म्हणजे मेलेल्या पेशींचा कडक थर. जिवंत कारखाना असतो नखाच्या मुळाशी, कातडीच्या आत. तिथली जी पांढरट चंद्रकोर अंगठ्यावर स्पष्ट दिसते, ते त्या कारखान्याचं टोक. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला सहा महिने. पायाचा वेग निम्मा किंवा त्याहूनही कमी, म्हणून पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. कडक ताप, न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया, अपघात, कॅन्सरची केमोथेरपी, असं काही घडलं की शरीर नखाचं उत्पादन काही दिवस मंदावतं किंवा थांबवतं. त्या थांब्याची आडवी खाच नखावर उमटते आणि नखासोबत पुढे जाते. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४६ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला बोची रेघ म्हणतात. कोविडनंतर ती अनेकांच्या नखांवर दिसली. डेंग्यू-टायफॉइडनंतरही दिसू शकते.

मशिन शॉपवाल्यांच्या हातात व्हर्नियर रोजच असतो, इतरांना साधी पट्टी पुरे. नखाच्या मुळाशी जिथे कातडी संपते तिथपासून खाचेपर्यंतचं अंतर मोजा आणि मिलिमीटरला ३ ने भागा. सहा मिलिमीटर असेल तर दोन महिने. त्यात कातडीखालच्या प्रवासाचे दोन-तीन आठवडे धरा. त्या सुमारास काय झालं होतं ते आठवा. बहुतेकदा उत्तर सापडतं: दिवाळीआधीचा ताप, किंवा आपलं स्वतःचं ऑपरेशन. दहाही बोटांवर खाच एकाच अंतरावर असेल आणि कारण आठवत असेल, तर करण्यासारखं काही नाही, ती वाढून निघून जाते. लोक मात्र आज खाच दिसली म्हणून आज साबण बदलतात, किंवा मागच्या आठवड्यात आणलेल्या तेलाला दोष देतात. पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलांना हँड-फूट-माउथचे फोड येऊन जातात आणि महिना-दीड महिन्याने त्यांची नखं मुळापासून सुटतात. आईबाप घाबरून जातात, पण खालून नवं नख आलेलं असतं.

आता दुसरा प्रश्न, किती बोटं? एकाच बोटावरचा बदल हा बहुधा त्या बोटाचाच इतिहास असतो: मार, चिमटा, बुरशी, नख कुरतडणं. सगळ्या बोटांवर सारखाच बदल असेल तर शरीराच्या आतलं कारण शोधायला लागावं. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात या दोन्हींच्या मधला एक तिसरा प्रकार फार मोठा आहे. एकाच हाताची दोन-तीन बोटं. डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण कोणत्या हाताने जॉब काढतो, कोणत्या बोटांनी नट धरतो हे त्यांना आपणहून सांगावं. निदान तिथेच दडलेलं असू शकतं.

कूलंटचं घ्या. सीएनसी-व्हीएमसीवर आठ-बारा तास पाण्यात मिसळलेल्या कटिंग ऑइलमध्ये बोटं ओली राहतात. त्यात धातूची बारीक बर कातडीत शिरते, आणि कूलंट सडू नये म्हणून घातलेली रसायनंही त्रास देतात. नख पुढच्या कडेपासून खालच्या मांसापासून सुटायला लागतं आणि सुटलेला भाग पांढरट दिसतो. त्या फटीत काळा मळ बसतो, मग माणूस सेफ्टी पिनने किंवा स्क्रायबरने तो उकरतो, आणि प्रत्येक उकरण्यासरशी नख आणखी मागे सुटत जातं. फटीत ओल टिकली तर जंतू वाढून नखाला हिरवट छटाही येते. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. सुटलेलं नख बारीक कापत राहायचं, आत काही खुपसायचं नाही, हात कोरडे ठेवायचे, आणि तीन-चार महिने धीर धरायचा. शिफ्टच्या आधी बॅरियर क्रीम लावलं तर नंतर हात धुणं सोपं जातं, पण ते हातमोज्याची जागा घेत नाही. हातमोज्यांबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी: फिरत्या स्पिंडलजवळ, ड्रिलवर, लेथवर हातमोजे घालू नका. नख वाचवायला जाऊन हात गमावू नये. डिबरिंग, धुलाई, कूलंट टँकची सफाई या कामांना ते घालावेत, आणि आतून ओले झाले की बदलावेत.

नखांचं सगळ्यात जास्त नुकसान शिफ्ट सुटल्यावर वॉशबेसिनपाशी होतं, असं माझं मत आहे. ग्रीस जात नाही म्हणून थिनर, पेट्रोल, नाहीतर कपडे धुण्याची पावडर आणि लाकडाचा भुसा घेऊन हात खसाखसा चोळले जातात. थिनर ग्रीस काढतं तसं नखातलं आणि कातडीतलं तेलही काढतं. मग नखं टोकाशी पापुद्र्यांसारखी सुटतात, मुळाशी असलेली पातळ कातडीची झालर फाटते आणि तिथून पाणी, जंतू, बुरशी आत शिरतात. त्याऐवजी आधी खोबरेल तेल चोळून ग्रीस सैल करा, कॉटन वेस्टने पुसा आणि मग साध्या साबणाने धुवा. रात्री झोपताना नखांच्या मुळाशी व्हॅसलिन किंवा तेच खोबरेल. महागडं काही लागत नाही.

असेंब्ली लाइनवर बोल्ट सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉकर लावतात. त्यातला अॅक्रिलेट वर्गातला पदार्थ काही जणांना बाधतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, म्हणजे ज्या बोटांनी बोल्ट धरला जातो तीच, टोकाला भेगाळतात, मुंग्या येतात, नखाखाली जाड थर जमतो आणि नख उचललं जातं. पातळ नायट्राइल हातमोजा घातला तरी हा पदार्थ काही मिनिटांत आरपार जातो, त्यामुळे ‘मी तर ग्लोव्हज घालतो’ म्हणून हे कारण बाद ठरत नाही. थ्रेडलॉकर बोटाला न लागता बाटलीच्या नोजलनेच लावणं हाच खरा बचाव. गंमत म्हणजे ब्यूटी पार्लरमधल्या जेल नेलपॉलिशमध्ये आणि कृत्रिम नखांमध्येही याच जातीची रसायनं असतात. एकदा अॅलर्जी बसली की ती सहसा आयुष्यभर राहते, आणि दातात फिलिंग भरतानाही डेंटिस्टला सांगावी लागते. पॅच टेस्ट नावाच्या तपासणीत ती पकडता येते.

प्लेटिंगच्या टाक्यांवर क्रोमिक अॅसिडचं काम असेल आणि नखाच्या मुळाशी किंवा पेरावर खोल, पण फारसा न दुखणारा व्रण दिसला, तर ‘लागलं असेल’ म्हणून सोडू नका. क्रोमचे व्रण आणि रसायनांमुळे होणारा त्वचादाह हे कायद्यातल्या सूचित आजारांच्या यादीत आहेत. म्हणजे ते लपवायचे नसतात, सरकारी निरीक्षकांना कळवायचे असतात.

प्रेस शॉपमध्ये बोट सापडणं, हातोडी बसणं हे नेहमीचंच. नखाखाली रक्त साकळून काळंनिळं झालं आणि ठणका सहन होत नसेल तर पहिल्या दिवशीच डॉक्टरकडे गेल्यास नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढता येतं, आणि आराम लगेच पडतो. तापवलेल्या सुईचा हा प्रयोग घरी करू नये. निम्म्याहून जास्त नख काळं झालं असेल तर एक्स-रे काढून घ्या, खालचं हाड तडकलेलं असू शकतं. पुढे तो काळा डाग नखासोबत सरकतो का ते बघत राहा. आज फोटो, महिन्याने फोटो. ३ मिलिमीटर पुढे गेला आणि मुळाशी स्वच्छ नख आलं, तर ते रक्तच. जागचा हलला नाही किंवा रुंदावला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मुळापासून टोकापर्यंत गेलेली काळसर-तपकिरी उभी रेघ आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत वयानुसार अनेक नखांवर येते आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. बी-१२ च्या कमतरतेतही नखं काळवंडतात, शाकाहारी घरांत याची आठवण ठेवावी. पण मोठ्या वयात एकाच बोटावर नव्याने आलेली, वरचेवर रुंद होणारी, मुळाशी असलेल्या कातडीवरही काळा रंग पसरवणारी रेघ थांबून बघण्याची नाही. तो नखाखालचा कॅन्सर असू शकतो. दुर्मीळ आहे, पण उशीर महागात पडतो.

वयाकडे वळू. पन्नाशीनंतर नखांवर उभ्या रेघा उठतात, चमक जाते, चंद्रकोर लहान होते, टोकं फाटतात, पायाची नखं जाड आणि पिवळट होतात. हे केस पिकण्यासारखंच आहे, यात कुठल्या जीवनसत्त्वाची हाक नाही. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४१ पासून ३५ वर्षं, दर महिन्याला डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी खूण करून वाढ मोजली. बत्तिसाव्या वर्षी नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. वरच्या हिशेबात तेवढा फरक धरा. साठीच्या माणसाची खाच थोडी जास्त जुनी असते, आणि त्याचं सुटलेलं नख भरून यायलाही जास्त वेळ लागतो.

नखावरच्या पांढऱ्या ठिपक्यांना लहानपणी नवे कपडे मिळण्याचं लक्षण मानायचे, आता कॅल्शियम कमी असल्याचं मानतात. दोन्हींत तथ्य सारखंच. मुळाला बसलेल्या बारीकसारीक धक्क्यांनी ते येतात आणि वाढून जातात.

रक्त कमी असल्याची खूण मात्र नखावर खरोखर उमटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कंपनीत उभ्याने शिफ्ट करणाऱ्या, घरी पहाटे डबे करणाऱ्या बाईला थकवा हा दिनक्रमच वाटतो, म्हणून तो आजारात धरला जात नाही. लोह खूप काळ कमी राहिलं की नखं पातळ होतात, सपाट होतात आणि शेवटी मध्ये खळगा पडतो, इतका की पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळत नाही. थेंब ठरला की हिमोग्लोबिन तपासा. पण उलटं समजू नका: खळगा नाही म्हणून रक्त पुरेसं आहे असं होत नाही, कारण ही खूण फार उशिरा येते. खालच्या पापणीचा फिकेपणा आणि जिना चढताना लागणारी धाप नखाआधी सांगतात. सतत थिनर हाताळणाऱ्यांच्या बोटांना आणि तान्ह्या बाळाच्या पायालाही असा खळगा दिसू शकतो, तिथे लोहाचा संबंध असेलच असं नाही.

दुसरी खूण फुप्फुसाची. वेल्डिंगचा धूर, फाउंड्रीची वाळू, शॉट ब्लास्टिंग, आणि त्याच्या जोडीला बिडी-सिगारेट अशा लोकांनी ती अधूनमधून बघावी. दोन्ही हातांची एकच बोटं, समजा तर्जन्या, नखाला नख लावून पाठीला पाठ जोडा आणि उजेडासमोर धरा. नखांच्या मुळाशी दोन्हींच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसायला हवी. ती बुजली असेल, बोटांची टोकं फुगीर आणि नखं पोपटाच्या चोचीसारखी गोल झाली असतील, तर छातीचा एक्स-रे आणि तपासणी आठवड्याभरात करून घ्या. फुप्फुसाचा कॅन्सर, जुनाट संसर्ग, फुप्फुसाला पडणारे वण, हृदयाचे काही आजार, यकृताचा सिरोसिस यांत असं होतं. ही फटीची परीक्षा दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि तीही स्वतःला हृदयाच्या झडपेचा संसर्ग झाला तेव्हा स्वतःची बोटं बघून. जन्मापासून घरातल्या सगळ्यांचीच बोटं तशी असतील तर गोष्ट वेगळी.

बाकीच्या खुणा थोडक्यात. नखावर सुईने टोचल्यासारखे खड्डे आणि त्यासोबत सकाळी सांधे आखडणं, म्हणजे सोरायसिसची शक्यता. सगळी नखं जवळजवळ पांढरी आणि टोकाशी फक्त अरुंद गुलाबी-तपकिरी पट्टी, तर यकृताची, मधुमेहाची, हृदयाची चौकशी करावी, पण म्हातारपणीही असं दिसतं. अर्धं पांढरं, अर्धं तपकिरी नख मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात दिसतं. या खुणांवरून घरबसल्या निदान करू नका, रक्ताच्या साध्या तपासण्या स्वस्त आहेत.

पायांकडे कोणी बघत नाही. सेफ्टी शूजच्या पुढच्या लोखंडी टोपीवर नख रोज आदळतं, मोजा घामाने ओला राहतो, आणि अंगठ्याचं नख जाड, पिवळं, भुसभुशीत होतं. लोक त्याला सरसकट बुरशी म्हणतात, पण जाड नखांपैकी कित्येक बुरशीची नसतातच, नुसत्या माराची असतात. म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेण्याआधी नखाचा चुरा तपासून घ्या. बुरशी निघाली तर गोळ्या हाताच्या नखाला साधारण सहा आठवडे, पायाला बारा आठवडे चालतात, यकृताची तपासणी लागते, आणि नख स्वच्छ दिसायला वर्ष उलटतं. स्टेरॉइड मिसळलेली मलमं तर टाळाच, ती खाज दाबतात आणि बुरशी वाढवतात. बुरशीवरच्या औषधांशी या मातीचं जुनं नातं आहे, हे जाता जाता सांगतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६० च्या दशकात इथल्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवलं होतं, आणि त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ आहे.

मधुमेह असेल तर पायाची नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका, आणि बूट अर्ध्या नंबराने मोठे मागून घ्या. पायाला मुंग्या असतील किंवा बधिरपणा असेल तर नखं दुसऱ्याकडून कापून घेणं बरं. नखाच्या कोपऱ्यात पू झाला तर त्याच दिवशी दवाखाना.

डॉक्टरकडे जाताना नेलपॉलिश काढून जा, मेंदी आणि हळदीचा रंग असेल तर सांगा. ऑक्सिजन मोजायची चिमटी गडद नेलपॉलिशवर चुकीचा आकडा दाखवू शकते. कामावर काय हाताळता ते कागदावर लिहून न्या. ड्रमवरच्या लेबलचा फोटो असेल तर उत्तम, प्रत्येक रसायनाचा सुरक्षा-तक्ता कंपनीकडे असायलाच हवा आणि तो तुम्ही मागू शकता. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या खात असाल तर ते न विसरता सांगा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन तपासणीचा निकाल बिघडवू शकतं, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशाराही दिला होता. खरं तर ज्याला बायोटिनची कमतरता नाही त्याला या गोळ्यांचा उपयोग होतो याचा पुरावा तुटपुंजा आहे. तेवढ्या पैशांत शेंगदाणे, अंडी, पालेभाज्या आणि वर एक चांगली नखकापणी येते.

पिंपरीचं वायसीएम, चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय रुग्णालय, चाकणचं ग्रामीण रुग्णालय ही जवळची सरकारी ठिकाणं. महिन्याला २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ठेकेदाराकडच्या हेल्परलाही हे लागू आहे, पण त्याला बऱ्याचदा स्वतःचा विमा क्रमांकच माहीत नसतो. पगाराच्या स्लिपवर तो शोधा. नसेल तर या महिन्याचा पगार होण्याआधी ठेकेदाराकडून मागून घ्या, आणि केसपेपर काढताना ‘त्वचेचा त्रास’ एवढंच लिहून न घेता कामाचं नाव आणि किती वर्षं करताय तेही लिहून घ्या.